परदेशातील हिरवळ आणि उन्हाळ्याचा धीर

व्यवसाय-नोकरीनिमित्त आपल्या समाजातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली अमेरिकेत न्यू जर्सी, इलिनॉय अशा राज्यांत स्थायिक झाली आहेत. घरासमोरील हिरवळ हे तेथील वस्त्यांचे भूषण होय. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र ती पुष्कळदा पिवळी, वाळलेली दिसते. मग खताची पोती येतात, पाण्याचे फवारे सुरू होतात. आणि ही घाईच हिरवळीच्या मुळावर येते.

आपल्याकडील हरळी उन्हात फोफावते. तेथील केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, पेरेनियल राइग्रास ही गवते थंड हवेची. साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात ती जोमाने वाढतात. कडक उन्हाळ्यात पाऊस ओढावला की ब्लूग्रास पाने वाळू देते आणि बुडखा व जमिनीखालील खोड जिवंत राखून सुप्तावस्थेत जाते. हा मृत्यू नव्हे, काटकसर आहे. अशा वेळी नत्रयुक्त खत दिल्यास गवत साठवलेली शिल्लक नव्या पानांवर उधळते. म्हणून उन्हाळाभर नियमित पाणी द्यावे, अन्यथा त्याला निजू द्यावे. धरसोड करू नये. अवर्षण लांबल्यास दोन-तीन आठवड्यांतून अर्धा इंच पाणी, तेही पहाटे, बुडखा जगवण्यास पुरते. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी धरते.

कापणीतही संयम हवा. उंची तीन इंचांच्या आसपास राखावी आणि एका वेळी एकतृतीयांशापेक्षा अधिक पान कापू नये. पान आखूड तर मूळही आखूड, हा निसर्गाचा हिशेब आहे. कापलेले बारीक तुकडे तेथेच पडू द्यावेत; त्यांतील नत्र मातीला परत मिळते.

खत व पेरणी यांचा खरा हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तेव्हा माती उबदार, हवा थंड आणि तणांचा जोर ओसरलेला असतो. राइग्रास आठवड्याभरात उगवते. ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे मिश्र बियाणे पेरल्यास आधी उगवलेले राइग्रास पाहून पाणी थांबवू नये.

हिरवळ मेली, असे ठरवण्यापूर्वी एक रोप मुळासकट उपटून पाहावे. बुडखा पांढरट व टणक असल्यास ती जिवंत आहे. शरदाच्या पावसाची वाट पाहणे एवढेच काम उरते.