रद्दीत घालण्याआधी एकदा पाहा

बिदर, भालकी, बसवकल्याण, उदगीरकडच्या माणसाला हैदराबादचा सुलतान बाजार नवा नाही. घरात लग्न ठरले की बस्ता बांधायला हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे सुलतान बाजार, ही आपल्याकडची जुनी रीत. १९५६ पर्यंत बिदर, गुलबर्गा आणि मराठवाडा हे सारे हैदराबाद राज्यातच होते. राज्याची वाटणी झाली, पण पायाखालची वाट तीच राहिली. २०२० पासून तर मेट्रोचे स्थानकही सुलतान बाजाराच्या नावाने झाले आहे.

साड्यांच्या या गर्दीतून कोठीकडे वळले की जुन्या पुस्तकांची दुकाने लागतात. दर रविवारी जवळच आबिड्सला बंद दुकानांपुढच्या फुटपाथवर पुस्तकांचे ढीग पडतात. आपण तिथे जातो ते मुलांची स्पर्धा परीक्षेची पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून. त्याच ढिगांत अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके शोधणारा एखादाच. खरे तर ही पुस्तके शोधावीत तर हैदराबादेतच, आणि त्याला कारण आहे.

१९६४ साली उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले. अमेरिकन साहित्याचे एवढे मोठे ग्रंथालय तेव्हा आपल्या देशात दुसरीकडे सापडणे कठीण होते. इंग्रजीचे प्राध्यापक देशभरातून इथे येत, मुक्काम करीत, टिपणे काढीत. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन, पुढे टोनी मॉरिसन आणि अॅलिस वॉकर यांच्यावर प्रबंध लिहिले गेले. पुस्तक विकत घेणे परवडत नसे, तेव्हा झेरॉक्स काढून बांधून घेत. पुढे त्या केंद्राचे नाव आणि स्वरूप बदलले. ते प्राध्यापक निवृत्त झाले. आणि त्यांची कपाटे एकेक करून रद्दीच्या काट्यावर चढू लागली आहेत.

आपला याच्याशी संबंध काय?

पुष्कळच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) लिहिणाऱ्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांचे उत्तरही आले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी आपल्या लिहित्या मुलांचे लक्ष तिथल्या काळ्या लेखकांकडे वेधले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेले. लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ १९७८ साली आले. ‘निग्रो’ हा शब्द आज कोणी वापरत नाही, वापरूही नये. पण जुन्या पुस्तकांच्या नावांत तोच आहे, म्हणून शोधताना तो लक्षात ठेवावा लागतो.

म्हणजे बाल्डविनची एखादी पिवळी पडलेली प्रत आपल्या भागातल्या प्राध्यापकाच्या घरी सापडते, तेव्हा ती केवळ परदेशी कादंबरी नसते. हा विचार आपल्या गावापर्यंत कोणत्या वाटेने आला, याचा तो पुरावा असतो. कोणी, कधी घेतली, समासात काय लिहिले, हे त्या एका प्रतीतच उरलेले असते. त्याच पुस्तकाची नवी प्रत मागवली तर मजकूर मिळेल, पण हा पुरावा मिळणार नाही.

एका माणसाने काय होते

आर्तुरो शोम्बर्ग नावाचा एक गृहस्थ पोर्टो रिकोत १८७४ साली जन्मला. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असे शाळेत शिक्षकांनी त्याला सांगितले, अशी कथा आहे. पुढे न्यूयॉर्कला बँकेत नोकरी करता करता त्याने काळ्या लेखकांची पुस्तके, पत्रके, हस्तलिखिते जमवली. १९२६ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी तो संग्रह दहा हजार डॉलरला घेतला गेला. आज त्याच्या नावाचे संशोधन केंद्र हार्लेममध्ये आहे.

झोरा नील हर्स्टन हिची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी १९३७ ची. पुढे ती बाजारातून नाहीशी झाली. लेखिका १९६० साली गरिबीत वारली. १९७३ साली अॅलिस वॉकरने तिची बेवारस कबर शोधून तिथे दगड बसवला, आणि १९७८ साली कादंबरी पुन्हा छापली गेली. मधल्या काळात ती जगली ती जुन्या आणि झेरॉक्स प्रतींवर, हातोहात फिरून.

काय पाहावे, कसे जपावे

शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला छपाईचे साल असते. पुष्कळ अमेरिकन पुस्तकांत तिथे आकड्यांची एक ओळ असते. तीतला सर्वांत लहान आकडा ती कितवी छपाई ते सांगतो. आफ्रिकन लेखकांसाठी हाइनमानची ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ ओळखून ठेवावी. ती १९६२ साली सुरू झाली, पहिला क्रमांक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चा, आणि पहिली दहा वर्षे संपादकीय सल्लागारही अचेबेच होते. नारिंगी रंगाची जुनी प्रत दिसली तर सोडू नये. फुटपाथवर चोरट्या छपाईच्या प्रतीही असतात. फिकट अक्षरे आणि तिरकी कापलेली पाने पाहून त्या कळतात. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर पुस्तक रीतसर काढून टाकल्याची खूण आहे का, ते पाहावे. नसेल तर घेऊ नये.

घरी आणल्यावर सेलोटेप लावू नये, ती कागद खाते. नाव घालायचे तर पेन्सिलीने. कपाट भिंतीला चिकटवू नये आणि पावसाळ्यानंतर पुस्तके बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. कसर तिथेच कळते. जुन्या मालकाचे नाव किंवा समासातली टिपणे खोडू नयेत.

आपली घरे दोन भाषांची. मराठी आई, कन्नड वडील, किंवा उलट. अशा घरात एकाच फळीवर नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, सिद्धलिंगय्यांचे ‘होलेमादिगर हाडु’ आणि शेजारी बाल्डविन ठेवता येतो. अशी फळी फक्त मराठी किंवा फक्त कन्नड घरात सहसा लागत नाही.

येत्या दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांचे, काकांचे इंग्रजी पुस्तकांचे खोके निघेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दुपार त्यासाठी ठेवा. लेखकांची नावे एका वहीत उतरवा, जवळच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ती वही दाखवा. मग काय ठेवायचे आणि काय द्यायचे ते ठरवा.