तरंगमबाडी: तमिळनाडूतलं डेन्मार्क

तंजावर बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींनो, एक दिवस जास्तीचा काढा आणि समुद्राकडे वळा. मयिलाडुदुरै जिल्ह्यातलं तरंगमबाडी हे छोटं गाव 1620 पासून 1845 पर्यंत चक्क डेन्मार्कच्या ताब्यात होतं! तंजावरच्या रघुनाथ नायकाने करार करून ही जागा दिली. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं, तेव्हा या जागेसाठी मिळणाऱ्या वार्षिक खंडणीचे हक्कदारही तेच झाले.

किनाऱ्यावरचा डान्सबोर्ग किल्ला आपल्या गडांपुढे अगदीच बुटका. पण गावाची खरी श्रीमंती छपाईत आहे. 1706 मध्ये बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग हा जर्मन धर्मप्रसारक इथे उतरला आणि तमिळ शिकला. काही वर्षांत छापखाना आला. जर्मनीतल्या हाले शहरातून आलेले छपाईचे तमिळ खिळे फारच मोठे होते, कागद भराभर संपायचा. मग इथेच लहान खिळे ओतले. 1715 पर्यंत बायबलमधला ‘नवा करार’ तमिळमध्ये छापून पूर्ण झाला. त्सीगनबाल्गचं 1718 चं चर्च आजही राजरस्त्यावर उभं आहे.

आता आपला धागा. 1750 मध्ये इथेच आलेला श्वार्ट्झ हा मिशनरी पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा गुरू आणि पालक झाला. याच राजांनी 1805 च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबईत मराठी छपाई रुळण्याच्या कितीतरी आधी!

किल्ल्याजवळचं चौदाव्या शतकातलं मासिलामणिनाथर मंदिर चुकवू नका. त्याचा बराच भाग समुद्राने गिळलाय.