ब्रेडच्या जागी काय?
ताटातलं धान्य : लेखांक ९

गव्हाचा मैदा होताना कोंडा आणि अंकुर कसे निघून जातात, ते मागच्या लेखात पाहिलं. मग सकाळी ब्रेडऐवजी खायचं काय, हा पुढचा प्रश्न. मधुमेह, वजन किंवा रक्तदाब यांपैकी कशासाठी तरी पथ्य पाळणाऱ्या घरांत पहिलं उत्तर बहुधा ‘ब्राऊन ब्रेड’ असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ब्रेडचा तपकिरी रंग कोंड्यामुळेच आलेला असतो असं नाही; काही वेळा तो कॅरॅमलचा असतो. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तिथे पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैद्याचं असेल, तर दर्शनी बाजूला ‘मल्टीग्रेन’ लिहिलेलं असो की ‘ओट्स’, तो ब्रेड मुख्यतः मैद्याचाच.

बरं, पूर्ण गव्हाचा ब्रेड घेतला तर? पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते, याचं माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. टोरांटो विद्यापीठातले डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८१ मध्ये मांडलं. ग्लुकोज १०० धरलं, तर आंतरराष्ट्रीय तक्त्यांत पांढऱ्या ब्रेडचा सरासरी अंक ७५ च्या आसपास येतो आणि पूर्ण गव्हाच्या ब्रेडचा ७४! चपातीचा मात्र ५२ च्या जवळपास. धान्य तेच, मग एवढा फरक का? ब्रेडचं पीठ बारीक असतं आणि यीस्टने फुगल्यामुळे तो सच्छिद्र होतो. पाचक रस त्यात झटकन शिरतात आणि पिष्टाची साखर लवकर होते. चपातीची घडण घट्ट असते. म्हणून पर्याय निवडताना धान्य अख्खं आहे का एवढंच विचारून भागत नाही. दळण किती बारीक आहे आणि पदार्थ किती फुगवलेला आहे, हेही पाहावं लागतं.

या कसोटीवर आपली भाकरी भक्कम उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतुमय पदार्थ पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतात. ज्वारीत ते १० ग्रॅमच्या वर, तर बाजरी आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या वर आहेत. बाजरीत लोह सुमारे ६.४ मिलिग्रॅम, नाचणीत कॅल्शियम तब्बल ३६४ मिलिग्रॅम. शिवाय भाकरीत पुष्कळ घरी मीठ घालतच नाहीत. १०० ग्रॅम ब्रेडमध्ये मात्र साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ असतं. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असणाऱ्यांसाठी हा फरक मोलाचा आहे.

पण भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज काढून टाकायला हवा. मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागतं. त्यातून साधारण १६५ कॅलरी मिळतात. ब्रेडच्या दोन स्लाइसमधूनही जवळपास तेवढ्याच. म्हणजे दोन स्लाइसच्या जागी एक भाकरी, दोन नव्हेत. त्या एका भाकरीतून पाच ग्रॅम तंतू मिळतात, दोन स्लाइसमधून दीडेक. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं ते यामुळे.

दुसरा गैरसमज असा की गहू सोडला म्हणजे झालं. सडलेल्या पांढऱ्या तांदळाची भाकरी, घावन, पोहे, इडली यांत गहू नाही. पण तांदळातले तंतूही मैद्याइतकेच कमी. साखर सांभाळणाऱ्यांनी ब्रेड सोडून रोज यांवर येण्यात फारसं हशील नाही. घावन करायचंच, तर निम्म्याहून जास्त नाचणीचं पीठ घ्यावं.

उत्तम जोड कडधान्याची. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळींत भरपूर असतं. खानदेशातली कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात. थालीपिठाच्या भाजणीत हरभरा आणि उडीद असतात. एकाच पदार्थात दोन्हींची उणीव भरून निघते. भिजवलेल्या मुगाची धिरडी तर त्याहून सोपी: ५० ग्रॅम मुगातून ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. थालीपीठ-धिरड्यात तेल मात्र मोजून सोडावं. एक चमचा तेल म्हणजे ४० ते ४५ कॅलरी.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. सकाळी सात वाजता डबे भरताना भाकऱ्या थापणं सगळ्यांना जमत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ ओढून धरणारं काही नसतं. म्हणून पीठ गरम पाण्यात मळावं. पिष्ट फुलून चिकटपणा येतो आणि भाकरीला चिरा कमी पडतात. दळण थोडं थोडं, ताजं आणावं. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचं पीठ लवकर कडू होतं. रात्री केलेली भाकरी सकाळी दह्यासोबत खाल्ली तरी उत्तम: गार होताना तिच्यातलं थोडं पिष्ट पचायला अवघड होतं, आणि साखरेच्या दृष्टीने ते चांगलंच. मूग रात्री भिजत घातले की सकाळी वाटून दहा-पंधरा मिनिटांत धिरडी होतात. सोलापूरची कडक भाकरी तर डब्यात कित्येक दिवस टिकते. सोबत पालेभाजी आणि लिंबू असू द्या; लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सिलिअॅक आजार असणाऱ्यांनी ज्वारीचं दळण गव्हामागून त्याच गिरणीत दळू नये. जात्यात राहिलेला गहू त्यांना बाधतो. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर कुठलाही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

ब्रेड कायमचा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. आठवड्यातल्या चार न्याहाऱ्या बदला. घरी ग्लुकोमीटर असेल, तर एके दिवशी दोन स्लाइस आणि दुसऱ्या दिवशी एक भाकरी घ्या, सोबत तेच कालवण ठेवा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजा. आणखी दोन-तीन वेळा असंच करून आकडे वहीत लिहा. औषधाचा डोस मात्र त्यावरून स्वतः बदलू नका. वही डॉक्टरांना दाखवा. सरासरी तक्त्यांपेक्षा तुमच्या शरीराचं उत्तर तुमच्यासाठी जास्त खरं आहे.

(पुढच्या आठवड्यात : भाजणी – प्रमाण, भाजणं आणि पोषण)