गृहपाठ मुलाचा की घराचा?

कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकच्या दिशेने वळले की आंदर मावळ सुरू होते. पुढे वडेश्वर, माळेगाव, कुसूर, खांडी अशी गावे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत विखुरलेली आहेत आणि मध्ये टाटांच्या ठोकळवाडी धरणाचे पाणी पसरले आहे. जुलैत येथे पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही आणि नेमकी तेव्हाच भाताची आवणी असते. शाळा जूनमध्ये सुरू झालेली असते. वह्या अजून कोऱ्या असतात आणि घरातील प्रत्येक हात चिखलात असतो. अशा दिवसांत सहावीतल्या मुलीला 'धड्याखालचे सर्व प्रश्न लिहून आण' असे सांगितले, तर धाकट्या भावाला सांभाळून आणि गुरांपुढे चारा टाकून झाल्यावर, वीज असलीच तर ती वही उघडते. दुसऱ्या दिवशी वही अपुरी दिसते आणि तिच्यावर शेरा पडतो, 'अभ्यासाकडे दुर्लक्ष'.

याच तालुक्यात वडगाव, कामशेत किंवा तळेगावच्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी कुटुंबातील मुलाची वही पाहावी. आईने समास आखून दिलेले असतात, उत्तरे शिकवणीच्या ताईंनी सांगितलेली असतात, प्रकल्पाची चित्रे मोठ्या बहिणीने चिकटवलेली असतात. तिच्यावर शेरा असतो, 'उत्तम'. मुलाला त्यातले किती उमजले, हे वहीवरून कळण्याची सोय नाही. खरे पाहता दोन्ही शेरे घरांना मिळाले आहेत.

रोजमेळ लिहिणाऱ्याला ही गफलत चटकन दिसावी. शेजाऱ्याने ठेवायला दिलेली रक्कम आपल्या गल्ल्यात धरली, तर संध्याकाळची शिल्लक भरघोस दिसते. पण ती विक्री नव्हे. मुलाच्या वहीत मात्र अशी उसनी शिल्लक सर्वांना चालते, पालकांना तर विशेष!

नियम या बाबतीत प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा पुष्कळ शहाणे आहेत. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 1993 मध्येच प्राथमिक वर्गांना परिसरातील शोध वगळता गृहपाठ नको आणि पुढच्या वर्गांना दिलाच तर तो पाठ्यपुस्तकातील मजकूर उतरवण्याचा नसावा, असे सुचवले होते. 2020 च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास ही मर्यादा घातली. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पाचवी-सहावीला निम्मे गुण आणि सातवी-आठवीला चाळीस टक्के गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभराच्या नित्य कामाचे ठरले. त्यासाठी दिलेल्या आठ साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, गटकार्य अशी नावे आहेत. 'स्वाध्याय' हे साधनही आहे, पण ते वर्गकार्याच्या जोडीने. शिक्षकाच्या डोळ्यांसमोर, बाकावर बसून, मुलाने स्वतः केलेले काम मोजावे, हा त्यामागचा भाव आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नोंदवह्या सत्राच्या अखेरीस एका बैठकीत भरल्या जातात; पण तो दोष भरणाऱ्याचा आहे, पद्धतीचा नाही.

घर पाहून गुण देण्याचा हा प्रश्न जुनाच आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना पुण्याच्या जोतीराव फुले यांनी निकालावर अनुदान देण्याची पद्धत गोरगरिबांच्या शाळांना मानवणारी नाही, असे स्पष्ट बजावले होते. ज्या घरात शिक्षणाची आवड अजून रुजायची आहे, तेथल्या मुलांच्या परीक्षेतील यशावर शाळेचा पैसा टांगून ठेवला, तर ती शाळाच बंद पडेल, हे त्यांना दिसत होते.

मात्र येथून 'डोंगरातल्या मुलांकडून फार अपेक्षा नको' या निष्कर्षावर येणे म्हणजे दुसरा अन्याय. दया दाखवून कमी मागितले की मुलाला कमीच मिळते. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि तीही न जमल्यास तोच वर्ग पुन्हा. सातवीपर्यंत गोड शेरे देऊन आठवीत अडवले गेलेले मूल कोणाला जाब विचारणार? अपेक्षा उंचच असाव्यात. फक्त त्या पुऱ्या करण्याची जागा शाळेत असावी. शेवटच्या तासाची पंधरा मिनिटे लिहिण्यासाठी राखली, तरी कोणाचे गणित कोठे अडते, ते शिक्षकाला त्याच दिवशी दिसते.

घरी काही द्यायचेच, तर ते घरात सापडणारे असावे. उदाहरणार्थ, पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे का भरत नाही? खांडीच्या मुलाकडे पायली आहे, भात आहे आणि उत्तर ठाऊक असलेली आजी आहे. बाजारपेठेतल्या मुलाकडे तराजू आहे, पण बहुधा भात नाही. या प्रश्नापुढे दोघांनाही हात चालवावे लागतात, आणि शिकवणीच्या ताईंना तर अधिकच.

तरीही लिहिण्या-वाचण्याला निवांत जागा लागतेच. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात 1887 साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी हे नेमके हेरले होते. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह उभे राहिले. अभ्यासाला घर नसलेल्या मुलाला आधी घर द्यावे, मग त्याची परीक्षा घ्यावी, असा तो क्रम होता. आजच्या मावळात नवे वसतिगृह बांधण्याइतके मोठे काम लगेच कोणी करील असे नाही. पण टाकवे, कान्हे, वडगावच्या बाजारपेठेत दुकानांवरचे माळे आणि मागच्या खोल्या कितीतरी आहेत. शाळा सुटल्यापासून गावाकडची एसटी येईपर्यंत आंदर मावळातल्या मुलांचा जो वेळ फाट्यावर भिजत जातो, तेवढा वेळ अशा एका खोलीत सतरंजी, दिवा आणि सहावीचे गणित सांगू शकणारा एक कॉलेजचा मुलगा असला, तर वही घरी पोहोचण्याआधीच पूर्ण झालेली असेल.