चाकातली हवा आणि आरशातला दिवा

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत कवितेवर बोलतात, नाटकावर बोलतात, संतांवर बोलतात. त्या मालेत एका होमिओपॅथी डॉक्टरने मालट्रकच्या चाकांत आपोआप हवा भरणाऱ्या यंत्रणेविषयी लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

माझा दवाखाना बेळगावात, पुणे–बंगळूर महामार्गापासून जवळच आहे. गेल्या पस्तीसेक वर्षांत माझ्याकडे आलेल्या रुग्णांत ट्रकचालक पुष्कळ. कंबरदुखी, आम्लपित्त, अवेळी झोप हे त्यांचे नेहमीचे सोबती. काही वर्षांपूर्वी त्यांतलेच एक जुने रुग्ण झोप लागत नाही म्हणून आले. निपाणीच्या पुढे त्यांच्या ट्रेलरचे एक टायर फुटले होते. रबराचा पट्टा उडून मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लागला. पोराचा खांदा मोडला, जीव वाचला. मालकाने टायरचे पैसे पगारातून कापून घेतले, पण त्याचे त्यांना फारसे वाटत नव्हते. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, "निघताना सगळी चाकं हाणून बघितलो होतो की हो, डॉक्टर. मग माझं चुकलं काय?"

मी औषध दिले. प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. ते शोधता शोधता मी या विषयाशी आलो.

चाक 'हाणून बघणे' तुम्ही ढाब्यावर पाहिले असेल. चालक खाली उतरतो, हातात लोखंडी टॉमी घेतो आणि एकेका टायरवर ठोका मारत गाडीभोवती फिरतो. हवा भरलेली असेल तर टॉमी उसळते आणि टणक आवाज येतो. टायर बसले असेल तर थप्प असा मेलेला आवाज येतो. आम्ही डॉक्टरही छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने असेच वाजवून पाहतो. छाती वाजवून पाहण्याची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर या व्हिएन्नातल्या वैद्याने १७६१ साली पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील खाणावळवाले होते, आणि पिंपात दारू किती उरली हे पिंप वाजवून ओळखण्याची रीत तिथे होतीच. थोडक्यात, चालकांची विद्या आमच्या विद्येची बहीण आहे आणि तिची मर्यादाही तीच आहे. वाजवून पूर्ण बसलेले टायर ओळखता येते. १०० पौंड हवा आणि ८० पौंड हवा यांतला फरक कितीही तयार कानाला कळत नाही. आणि सगळा घोटाळा नेमका त्या वीस पौंडांत असतो.

तो कसा, ते पाहू. ट्रकचे ओझे रबर उचलते असे आपल्याला वाटते. खरे तर ते उचलते आत कोंडलेली हवा. रबर आणि पोलादी तारा त्या हवेला धरून ठेवतात. अमेरिकेतला अठरा चाकांचा ट्रेलर-ट्रक पूर्ण भरला की कायद्याने ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन वजनाचा असतो. एकेका चाकाच्या वाट्याला साधारण दोन टन येतात. हवा कमी झाली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार हाताने वारंवार वाकवली की तापते, तसे टायर आतून तापत जाते. रबर आणि तारा यांची पकड सुटते आणि एके क्षणी वरचा पट्टा सोलून निघतो. असे पट्टे अमेरिकेच्या महामार्गांवर इतके पडलेले असतात की तिथले चालक त्यांना मगरी म्हणतात.

मागच्या चाकांची जोडी असते, तिथे धोका आणखी लपतो. जोडीतले एक टायर मऊ पडले की त्याचे ओझे शेजारचे उचलते. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी सरळ उभी दिसते. आमच्या चालकांचे तेच झाले होते. बाहेरच्या टायरने टणक आवाज दिला. आतले टायर हात आणि कान या दोहोंच्या पलीकडे होते.

हवा कमी व्हायला खिळाच लागतो असेही नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला पौंड-दोन पौंड हवा रबरातून झिरपून जाते. थंडीने दाब उतरतो: ३० अंश तापमानाला १०० पौंड भरलेले टायर शून्य अंशाला ८९ पौंडांच्या आसपास येते. २००३ साली अमेरिकेच्या मोटार-वाहतूक सुरक्षा प्रशासनाने व्यापारी वाहनांच्या टायरांची पाहणी करवून घेतली. ठरलेल्या दाबाच्या पाच पौंड इकडेतिकडे असलेले टायर फक्त ४४ टक्के निघाले. सुमारे ७ टक्के टायरांत तर वीस पौंड किंवा त्याहून जास्त तूट होती.

हा सगळा आळस म्हणावा काय? अठरा टोप्या काढायच्या, अठरा व्हॉल्व्हना गेज लावायचा, त्यांतही आतल्या चाकापर्यंत हात घालायचा, आणि हे पाऊस, अंधार, घाई यांत रोज करायचे. त्यात अमेरिकेत ट्रेलर एका ठिकाणी सोडून दुसरा जोडून निघण्याची पद्धत आहे. आज या चालकाच्या मागे असलेला ट्रेलर उद्या दुसऱ्याच्या मागे असतो. जी वस्तू सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नसते, हे आपल्या सार्वजनिक नळांवरूनही आपण जाणतो.

या अडचणीतून ती यंत्रणा आली. चालत्या गाडीच्या चाकात हवा भरण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'डक' नावाचा पाण्यात तरंगणारा सहाचाकी ट्रक केला. समुद्रातून वाळूवर चढताना चालक बसल्या जागेवरून टायरांची हवा कमी करी, म्हणजे चाके वाळूत रुतत नसत. पक्क्या रस्त्यावर आला की पुन्हा भरी. १९४३ मध्ये सिसिलीत आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर हे ट्रक वापरले गेले. मालवाहू ट्रेलरचे काम त्यामानाने साधे आहे. त्याला हवा कमीजास्त करायची नसते, ठरलेला दाब टिकवायचा असतो.

धाकट्या मुलाकडे टेक्सासला गेलो होतो, तेव्हा महामार्गावरच्या एका थांब्यावर मी ही यंत्रणा पहिल्यांदा पाहिली. ट्रेलरच्या चाकाच्या मध्यावरच्या टोपीतून दोन बारीक नळ्या निघून जोडीच्या दोन टायरांकडे गेल्या होत्या. सलाइनच्या नळीची आठवण झाली. तिचा मार्ग असा: मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे इंजिनवर कॉम्प्रेसर आणि ट्रेलरवर हवेची टाकी असतेच. त्या टाकीतून हवा गाळणीतून एका पेटीत येते. पेटीतला नियामक तिचा दाब टायरला हवा तेवढाच ठेवतो. तिथून ती ट्रेलरच्या पोकळ आसातून चाकाच्या टोकापर्यंत जाते. आता आस स्थिर आणि चाक फिरते. नळी सरळ जोडली तर पहिल्याच फेऱ्यात पिळून तुटेल. म्हणून तिथे फिरता सांधा बसवतात. त्याचा एक भाग आसाबरोबर स्थिर राहतो, दुसरा चाकाबरोबर फिरतो, आणि मधली सील हवा बाहेर जाऊ देत नाही. पुढे टायरजवळ एकदिशा झडप असते. आपल्या शिरांत असतात तशीच ती, हवा आत जाऊ देते, मागे फिरू देत नाही. त्यामुळे एक टायर फुटले तरी जोडीदाराची हवा त्याच्याबरोबर जात नाही.

ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या आसांत इंजिनाची शक्ती चाकांना देणारे दांडे फिरत असतात, तिथे हवेला मोकळी वाट सापडत नाही. म्हणून ही सोय प्रामुख्याने ट्रेलरच्या चाकांना आहे.

या यंत्रणेतल्या दोन गोष्टींपाशी मी थांबलो. पहिली संरक्षक झडप. टायरला हवा लागते आणि ब्रेकलाही लागते, टाकी मात्र एकच. टायर जोरात गळू लागले तर ब्रेकची हवा संपेल. म्हणून टाकीतला दाब साधारण ७०-८० पौंडांच्या खाली आला की ही झडप टायरांची वाट बंद करते. टायर जाईल, पण ब्रेक राहील. रक्तस्राव झाला की शरीर हातापायांचे रक्त आखडून मेंदू आणि हृदय जपते. तोच क्रम माणसाने इथे बसवला आहे.

दुसरी गोष्ट एक लहानसा दिवा. हवा वाहू लागली की पेटीतली कळ तो पेटवते. तो ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यावर अशा ठिकाणी असतो की चालकाला आरशात दिसावा. थोडा वेळ पेटून विझला तर कुठेतरी थोडी भर पडली. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी हवा सतत गळते आहे.

या यंत्रणेत सर्वांत मोलाचा हा दिवाच, असे माझे मत झाले आहे. यंत्र गळती भरून काढते, बुजवत नाही. खिळा टायरमध्ये तसाच राहतो. आम्हां जैनांच्या घरांत भोक पडलेल्या होडीचा दृष्टान्त लहानपणापासून ऐकवतात: आत आलेले पाणी उपसायचे खरे, पण आधी भोक बुजवायचे. नुसते उपसत बसणारा थकतो आणि शेवटी बुडतो. आमच्या वैद्यकातही ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नसते. दिवा पेटलेला पाहून "हवा भरतेच आहे की" म्हणत पुढे जाणारा चालक आणि गोळी घेऊन दुखणे अंगावर काढणारा रुग्ण, हे मला सख्खे भाऊ वाटतात.

यात खरा धोकाही आहे. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली धावलेले टायर सपाट धावले असे समजून उतरवावे आणि आतून तपासावे, असा या धंद्यातला नियम आहे. कारण भिंतीतल्या तारा वाकून वाकून थकलेल्या असतात. अशा टायरमध्ये पुन्हा हवा भरली तर ते साखळी उघडावी तसे बाजूने फाटते. म्हणून तिकडे ट्रकच्या टायरांत हवा भरताना ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवण्याचा दंडक आहे. शिवाय यंत्रणेलाही देखभाल लागते. सील झिजते, नळ्या घासतात, हवेबरोबर पाणी आणि तेल येते. तिच्याकडे कोणी पाहिले नाही, तर ती स्वतःच एक गळती होऊन बसते.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक ट्रकांची भिस्त अजून हात, डोळे आणि टॉमी यांवरच आहे. तेव्हा त्या चालकांना काय उत्तर द्यायचे? पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी म्हणालो, "मामा, तुम्ही हाणून बघितलात हे बरोबर केलंत. पण जे कानाला कळत नाही ते कानाला विचारून काय उपयोग? गेज तुमच्या हातात द्यायला हवा होता, आणि तो लावायला अर्धा तासही. तो अर्धा तास मालकानं दिला नाही. चूक सगळी तुमची नाही. थोडी आहे, ती पुढं सुधारता येईल."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरगा आता गाडीवर जातोय. त्याला गेज घेऊन देतो." झोप त्यानंतर हळूहळू आली, औषधाने आली की या बोलण्याने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

वाचकहो, तुमच्या दारात ट्रक नसेल, पण मोटार किंवा स्कूटर असेल. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा. स्टेपनी विसरू नका. एखाद्या चाकाला दर वेळी भर घालावी लागत असेल, तर नुसती भर घालून निघू नका. पंक्चरवाल्याला ते पाण्यात धरून पाहायला सांगा. बुडबुडा कुठून येतो ते एकदा पाहिले पाहिजे.

एवढे सांगून थांबतो.