लुक्काचा तट

फ्लॉरेन्सहून आगगाडीने दीडेक तासात लुक्का येते, आणि स्थानकाबाहेर पाऊल टाकताच तांबूस विटांचा जो अखंड तट समोर उभा राहतो तो पाहून, युरोपियनांना जुन्या वास्तूंची उपजतच माया असते हे आपल्याकडचे लाडके मत क्षणभर पटू लागते. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी सरकारी हुकुमाने पाडली गेली, त्याच १८६० च्या दशकात फ्लॉरेन्सनेही, राजधानीचा मान मिळताच, आपला उत्तरेकडचा तट जमीनदोस्त करून रुंद रस्ते काढले.

लुक्काचा सुमारे सव्वाचार किलोमीटरांचा तट टिकला, कारण तो रयतेच्या वहिवाटीत राहिला. १८१२ साली सेर्किओ नदीला पूर आला तेव्हा वेशी बंद करून शहराने पाणी बाहेरच थोपवले, आणि बाहेर अडकलेल्या एलिझाला, म्हणजे नेपोलियनच्या बहिणीला व लुक्काच्या राज्यकर्तीला, यारीने तटावरून आत घ्यावे लागले, असे येथे आवडीने सांगतात. पुढे माथ्यावर झाडांच्या रांगा लागल्या, आणि सरकारजमा झालेला तट नगरपालिकेने रीतसर विकत घेतला. आज बुरुजावरच्या बाकावर भाजीची पिशवी टेकवून म्हाताऱ्या विसावा घेतात, शाळा सुटलेली मुले सायकली पिटाळतात, आणि वाट सपाट व स्वच्छ असते.

दुपारी एलिझाच्याच मार्लिया येथील बागेत गेलो. तेथे सतराव्या शतकातले नाट्यगृह आहे, तेही केवळ कातरलेल्या झुडपांचे: विंगा हिरव्या, मागची भिंत हिरवी, प्रॉम्प्टरचा आडोसासुद्धा हिरवा. एक हंगाम कात्री थांबली तर रंगमंचाचे रान होईल. म्हणून ती थांबू देत नाहीत.

तेथे उभा असताना मला वसई आठवली आणि संताप आला. कोनदार बुरुजांची तीच युरोपीय धाटणी, तोही तटबंद शहराचाच किल्ला, आणि १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने अपरिमित रक्त सांडून घेतलेला. त्या विजयाचे पोवाडे आपण गातो, आणि त्याच तटाच्या सांध्यांत पिंपळ मुळे रोवीत असता खुशाल पाहत राहतो. अभिमान आपल्यापाशी मुबलक आहे. रोजचा राबता तेवढा नाही.

म्हणून वसईकरांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी पुरातत्त्व खात्याकडे एकच अर्ज करावा: तटावरची झाडी काढा, भेगा चुन्याने बुजवा, आणि माथ्यावरची वाट सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांसाठी मोकळी करा.