बेस गिटार

बेस गिटार हे मंद्र सप्तकातील स्वर वाजवण्यासाठी वापरले जाणारे विद्युत तंतुवाद्य आहे. रॉक, पॉप, सोल, फंक, रेगे, जॅझ आणि चित्रपटसंगीत अशा अनेक प्रकारांत ते वापरले जाते. तालवाद्यांची लय आणि इतर वाद्यांची सुरावट यांना जोडण्याचे काम बेस गिटार करते. तिचा स्वर अनेकदा स्वतंत्रपणे कानावर येत नाही, मात्र ती वाजायची थांबली की गाण्याचा पायाच निघून गेल्यासारखे वाटते.

या वाद्याचा जन्म कारखान्यात, व्यावहारिक गरजेतून झाला. त्याची वादनपरंपरा घडवणाऱ्या अनेक वादकांनी दुकानात सहज मिळणारी, कारखान्यात तयार झालेली वाद्येच वापरली. त्यामुळे बेस गिटारचा इतिहास पाहताना वादकांची शैली आणि वाद्यांची किंमत या दोन्ही बाबी एकत्र विचारात घ्याव्या लागतात.

रचना आणि स्वर

प्रचलित बेस गिटारला चार तारा असतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्या अनुक्रमे ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. गिटारच्या सर्वांत खालच्या चार तारांचे स्वर हेच असतात, परंतु बेस गिटारवर ते एक सप्तक खाली असतात. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते, तर जी तारेची सुमारे ९८. पाच तारांच्या बेस गिटारवर याखाली बी ही आणखी एक तार असते. तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ३१ असते.

इतका खर्ज मिळवण्यासाठी तार जाड आणि लांब असावी लागते. प्रचलित बेस गिटारवर तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. विद्युत गिटारवर हीच लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. सुमारे ३० इंच लांबीच्या बेस गिटारीही बनवल्या जातात. त्यांवरील पडदे एकमेकांच्या जवळ असल्याने लहान हाताच्या वादकांना आणि मुलांना त्या सोयीच्या ठरतात.

तारेची कंपने पिकअप या चुंबकीय भागाद्वारे विद्युत संकेतात रूपांतरित होतात आणि ॲम्प्लिफायरमधून ऐकू येतात. घडीव लाकडाचे अंग स्वतः फारसा आवाज देत नाही. म्हणूनच साध्या लाकडाच्या वाद्यातूनही चांगला स्वर मिळू शकतो. त्यासाठी मान सरळ असावी, पडदे समपातळीत असावेत, खुंट्या घट्ट असाव्यात आणि पिकअप चांगला असावा.

उगम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नृत्यसंगीत आणि जॅझच्या वाद्यवृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे वाद्य सांभाळत असे. व्हायोलिनच्या घराण्यातील हे वाद्य माणसाच्या उंचीहून मोठे असते. त्याची ने-आण करणे अवघड होते आणि विद्युत गिटार व पितळी वाद्यांच्या आवाजापुढे ते झाकोळून जाई. त्यावर पडदे नसल्याने स्वर अचूक लावण्यासाठी दीर्घ सरावही लागे. अमेरिकेतील सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात पडदे असलेला, आडवा धरून वाजवण्याचा विद्युत बेस तयार केला होता. मात्र त्याचा प्रसार झाला नाही.

१९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर होते. त्यांना स्वतः गिटार वाजवता येत नसे. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, या अर्थाने वाद्याला अचूकतादर्शक नाव देण्यात आले. वाद्याचे अंग सपाट फळीतून कापलेले होते आणि मान डिंकाने न चिकटवता स्क्रूंनी बसवलेली होती. त्यामुळे उत्पादन जलद होई आणि मान बिघडल्यास बदलताही येई. लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातील मंक माँटगोमेरी हे हा बेस प्रथम स्वीकारणाऱ्या वादकांपैकी एक होत. १९६० मध्ये फेंडर कंपनीने अधिक निमुळत्या मानेचा आणि दोन पिकअपचा ‘जॅझ बेस’ आणला. आजही बाजारातील बहुसंख्य बेस गिटारी या दोन नमुन्यांपैकी एकावर आधारलेल्या असतात.

प्रभावी वादक

जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) हे डेट्रॉइटमधील मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेचे वादक होते. ते मूळचे डबल बेस वादक होते. विद्युत बेसवर ते उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत. १९६२ च्या एका प्रिसिजन बेसवर त्यांनी मोटाउनची असंख्य गाणी वाजवली. त्यावर जाड, सपाट वेटोळ्यांच्या तारा लावलेल्या होत्या आणि त्या ते सहसा बदलत नसत. त्यामुळे स्वराला एक दबका, गोल आवाज येई. मुख्य स्वराभोवती लहान लहान स्वर गुंफून त्यांनी खर्जाच्या बाजूला स्वतंत्र चाल दिली. त्या काळी मोटाउनच्या तबकड्यांवर साथीदार वादकांची नावे छापली जात नसत. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ती प्रथम छापली गेली. जेमरसन यांचा तो बेस त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी चोरीला गेला. २००० मध्ये त्यांचा समावेश अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.

कॅरल के (जन्म १९३५) या लॉस एंजेलिसमधील ध्वनिमुद्रण वादक होत. त्या आधी गिटारवादक होत्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक न आल्यामुळे त्यांनी बेस हाती घेतला. बोटांऐवजी नखीने वाजवणे आणि तारांची कंपने किंचित दाबून स्वर स्पष्ट ठेवणे ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत. बीच बॉइज यांच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या तबकडीवर त्यांचे वादन आहे. नवशिक्यांसाठी त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तकेही प्रसिद्ध आहेत.

पॉल मॅकार्टनी (जन्म १९४२) यांनी १९६१ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. फेंडरच्या बेसची किंमत आवाक्याबाहेर होती आणि हा बेस सुमारे ३० पौंडांत मिळाला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. मॅकार्टनी डावखुरे आहेत. या बेसचे अंग दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने तो उलटा धरला तरी विचित्र दिसत नसे. पोकळ अंगाचे आणि हलक्या वजनाचे हे वाद्य पुढे बीटल्सची ओळख बनले. हा मूळ बेस १९७२ मध्ये चोरीला गेला होता. तो परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

जॉन एंटविसल (१९४४–२००२) हे ‘द हू’ या इंग्रजी वाद्यवृंदाचे बेसवादक होते. १९६५ च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात बेसला स्वतंत्र वादनाची जागा मिळाली. त्या काळी झणझणीत स्वर देणाऱ्या बारीक तारा इंग्लंडमध्ये सुट्या मिळत नसत. त्या डॅनइलेक्ट्रो या स्वस्त अमेरिकी बेसवर बसवलेल्या असत. त्यामुळे तार तुटली की एंटविसल यांना पूर्ण बेसच नव्याने विकत घ्यावा लागे. पुढे १९६६ मध्ये त्यांनी रोटोसाउंड या कंपनीबरोबर गोल वेटोळ्यांच्या तारा विकसित केल्या. आज बहुतेक बेस गिटारींवर याच प्रकारच्या तारा असतात.

लॅरी ग्रॅहम (जन्म १९४६) हे आपल्या गायिका-पियानोवादक आईबरोबर कार्यक्रम करत असत. साथीला ढोलवादक नव्हता. खर्जाची बाजू सांभाळणारा ऑर्गन बिघडल्यावर त्यांनी तात्पुरता एक बेस भाड्याने घेतला. ढोलाची उणीव भरून काढण्यासाठी ते अंगठ्याने तारेवर आघात करत आणि बोटाने तार ओढून सोडत. यातूनच ‘स्लॅप’ ही वादनपद्धती रूढ झाली. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वाद्यवृंदामुळे ती जगभर पोहोचली.

जाको पास्टोरियस (१९५१–१९८७) यांनी पडदे नसलेल्या बेस गिटारला एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचा १९६२ चा जॅझ बेस मूळचा पडद्यांचा होता. पडदे काढलेल्या जागा भरून त्या पट्टीवर नावांसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचा थर देण्यात आला होता. त्यामुळे तारांनी लाकूड झिजत नसे आणि स्वर दीर्घकाळ गुंजत राही. सरोदप्रमाणे या वाद्यावरही पडद्यांचा अडसर नसल्याने मींड सहज घेता येते. पास्टोरियस यांची पहिली तबकडी १९७६ मध्ये आली आणि त्याच वर्षी ते वेदर रिपोर्ट या वाद्यवृंदात सामील झाले.

या सर्वांच्या हाती असलेली वाद्ये निरनिराळ्या दर्जाची आणि किमतीची होती. मॅकार्टनी आणि ग्रॅहम यांच्या बाबतीत तर निवड प्रामुख्याने परिस्थितीने केली. हाताचा आघात, तारांचा प्रकार, कंपने दाबण्याची रीत आणि लयीची जाण यांतून त्यांचा ओळखीचा स्वर घडला.

परवडणारी वाद्ये

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण संस्थेने विकत घेतली. १९७० च्या दशकात तिच्या वाद्यांचा दर्जा घसरल्याची तक्रार अनेक वादक करू लागले. याच सुमारास जपानी कारखान्यांनी अमेरिकी नमुन्यांच्या स्वस्त प्रतिकृती बनवण्यास सुरुवात केली होती. सुरुवातीच्या प्रतिकृती साधारण होत्या, पण दशकाच्या अखेरीस त्यांपैकी काही मूळ वाद्यांच्या तोडीच्या झाल्या. या स्पर्धेला उत्तर म्हणून १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्येच उत्पादन सुरू केले आणि ‘स्क्वायर’ हे कमी किमतीचे नाव बाजारात आणले. पुढे स्वस्त वाद्यांचे उत्पादन कोरिया, चीन आणि इंडोनेशियाकडे सरकले.

संगणक-नियंत्रित यंत्रांमुळे मान आणि अंग यांची कापणी एकसारखी होऊ लागली. त्यामुळे स्वस्त आणि महाग वाद्यांतील पूर्वीचे मोठे अंतर कमी झाले. स्क्वायर, यामाहा, आयबानेझ आणि कोर्ट या नावांची प्राथमिक दर्जाची बेस गिटार आज शिकण्यासाठी आणि घरगुती ध्वनिमुद्रणासाठी पुरेशी मानली जाते. किंमत कमी ठेवण्यासाठी लाकूड, पिकअप, खुंट्या आणि विद्युत जोडणी यांत काटकसर केलेली असते. यांतील लाकूड वगळता बहुतेक भाग नंतर बदलता येतात.

वाद्याची निवड

स्वस्त वाद्य घेताना काही गोष्टी तपासाव्या लागतात:

मान: मान पीळ पडलेली किंवा फार वाकलेली नसावी. मानेच्या आत एक धातूची सळई असते. ती फिरवून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. सळई फिरत नसेल तर ते वाद्य टाळणे योग्य ठरते.

पडदे: पडद्यांची टोके हाताला टोचू नयेत. प्रत्येक पडद्यावर स्वर स्वच्छ यावा, तार खडखडू नये.

स्वरशुद्धता: बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्श करून येणारा स्वर आणि तीच तार त्याच पडद्यावर दाबून येणारा स्वर एकच असावा. फरक असल्यास घोडीवरील स्क्रू फिरवून तो दूर करता येतो.

तारांची उंची: तारा पट्टीपासून फार उंच असतील तर बोटे लवकर थकतात. अनेक नवशिके यामुळे वाद्य सोडून देतात. खरे पाहता ही उंची घोडीवरून कमी करता येते.

विद्युत भाग: आवाजाची व स्वररंगाची बटणे फिरवताना खरखर होऊ नये. वापरलेले वाद्य घेताना ही तपासणी विशेष महत्त्वाची असते.

ॲम्प्लिफायरचा खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरवर मोठ्या आवाजात बेस वाजवल्यास त्याच्या स्पीकरला इजा होऊ शकते. घरच्या सरावासाठी हेडफोनचा लहान ॲम्प्लिफायर पुरतो. नव्या वाद्याची कारागिराकडून एकदा नीट जुळवणी करून घेणे आणि तारा बदलणे, या दोन उपायांनी साध्या वाद्यातही मोठा फरक पडतो. मंद, गोल स्वर हवा असेल तर सपाट वेटोळ्यांच्या तारा आणि झणझणीत स्वर हवा असेल तर गोल वेटोळ्यांच्या तारा निवडतात.

भारतातील वापर

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्यातून आलेल्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्यांची परंपरा रुजवली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे बेस गिटार वाजवत असत. चेन्नईतील कीथ पीटर्स हे ए. आर. रहमान यांच्या संगीतातील बेस वादनासाठी ओळखले जातात. मुंबईत जन्मलेल्या मोहिनी डे (जन्म १९९६) यांनी लहानपणी वडिलांकडून बेसचे शिक्षण घेतले. रहमान यांच्यासह अनेक संगीतकारांबरोबर त्यांनी वादन केले असून त्यांच्या नावाची पहिली तबकडी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या वादनात भारतीय लयकारीचा प्रभाव जाणवतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या बेस गिटारी मुख्यतः आयात केलेल्या असतात. त्यामुळे परदेशात प्राथमिक दर्जाचे मानले जाणारे वाद्यही येथील विद्यार्थ्याला महाग वाटू शकते. अशा वेळी जाणकाराकडून तपासून घेतलेले वापरलेले वाद्य हा एक व्यवहार्य पर्याय ठरतो.